ठेंगण्या माणसांचं गाव

जुन्या काळची माणसं ठेंगणी होती, हे वाक्य जोसेफिन तुस्कानोने तीन हंगामांत किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे. दुबईच्या बंदरात पर्यटकांचं जहाज लागलं की सकाळी आठला तीन बसगाड्या धक्क्यावर उभ्या राहत. पहिल्या गाडीत जोसेफिन चढे, माइक तोंडाशी धरी आणि जहाजावरच्या गोऱ्या म्हाताऱ्या जोडप्यांना दोन तासांवरच्या बुर्ज अल-गाफ नावाच्या तटबंदीच्या गावी घेऊन जाई. तिथे एका मोठ्या घराच्या दाराशी, भिंतीत एक छोटासा कोनाडा होता. त्याच्यापुढे थांबायचं आणि हे वाक्य म्हणायचं, असं कंपनीने छापून दिलेल्या चोपडीत पान चारवर लिहिलेलं होतं. कोनाडा एवढा खाली का, तर जुन्या काळची माणसं ठेंगणी होती. लोक माना डोलवत, फोटो काढत आणि पुढे जात.

ही हकिगत त्या कोनाड्याची, आणि तो ज्याने केला त्या दगडू पावसकर नावाच्या माणसाची आहे. ती थंड डोक्याने सांगणं जमणार नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं.

बुर्ज अल-गाफमध्ये खरोखर जुने म्हणावेत असे दोन बुरूज आणि पन्नासेक पावलांचा तट, एवढंच शिल्लक होतं. बाकीचं गाव कधीच पडून वाळूत गेलं होतं. ते शहाण्णव साली पुन्हा उभारायला घेतलं आणि सोळा महिन्यांत पुरं केलं. तीस घरं, बाजाराची गल्ली, विहीर, पहारेकऱ्यांच्या खोल्या. त्यात वाईट काही नाही. पडलेलं पुन्हा बांधावं, चांगलीच गोष्ट आहे. पण बांधून झाल्यावर गाव चालवायला घेतलेल्या कंपनीने जी चोपडी छापली, तिच्यात ‘पुन्हा’ हा शब्दच नव्हता. शेकडो वर्षं उभ्या असलेल्या भिंती, असं तिच्यात होतं. ह्या भिंती बांधणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, असंही होतं. ज्यांची नावं हजेरीपटावरून रोज सकाळी पुकारली जात होती, त्यांच्याबद्दल हे लिहिलेलं होतं.

जोसेफिनला हे सुरुवातीला खटकलं नाही. ती वसईजवळच्या गिरीजची. तिचं बालपण एका खऱ्या पडक्या किल्ल्याच्या आसपास गेलेलं, जिथे वडाच्या मुळांनी चर्चच्या भिंती आवळून धरल्या होत्या आणि शाळा सुटली की पोरं बिनदिक्कत तटावर चढत. किल्ला म्हणजे पडझड, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. इथला किल्ला धुतल्या कपड्यासारखा लख्ख होता, पण परमुलखातल्या गोष्टी लख्खच असायच्या, असं ती धरून चालली होती. नवरा सिरिल हॉटेलात स्टोअरकीपर, मुलगी मरिसा चौथीत, राहायला दुबईतच करामा भागात दोन खोल्या. नोकरी बरी होती. इंग्रजी चांगलं, उंची चार फूट दहा इंच, आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

नव्याण्णवच्या जानेवारीत तिला खरा प्रकार कळला, तोही किल्लीमुळे. तांडा स्वच्छतागृहाकडे गेला होता आणि जोसेफिन त्या मोठ्या घराच्या सावलीत एकटी उभी होती. पर्समधला रुमाल काढायला हात मोकळा हवा होता, म्हणून तिने हातातली घराची किल्ली कोनाड्यात ठेवली. न बघता ठेवली. ठेवून झाल्यावर ती चमकली. हात आपोआप गेला होता. वर ताणावा लागला नव्हता, वाकावं लागलं नव्हतं. गिरीजच्या घरी दाराच्या उजव्या अंगाला अशीच देवळी होती. तिच्यात मेरीमातेची तसबीर, काड्यापेटी आणि घराची किल्ली असायची, आणि आई अंधारातसुद्धा न चाचपडता किल्ली काढायची.

तिने बोटं आत घालून पाहिलं. तळाला पुढच्या काठापासून करंगळीएवढी पन्हळ होती, आत उतरती. दिव्याचं तेल सांडलं तर भिंतीवरून ओघळू नये म्हणून करतात ती. चोपडीत पन्हळीचा उल्लेख नव्हता, कारण चोपडी लिहिणाऱ्यांपैकी कुणी आत बोट घातलंच नव्हतं.

वीसेक पावलांवर एक माणूस भिंतीचा पोपडा खरवडून नवा गिलावा लावत होता. किडकिडीत, चाळिशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. जोसेफिनने त्याला हिंदीत विचारलं, हे कुणी केलं. त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “मैंने किया, बाय.”

‘बाय’ हा शब्द अरबी नव्हे, हिंदीही नव्हे. त्या दोन अक्षरांनी त्याचा गाव सांगून टाकला.

“कुठले तुम्ही?” तिने मराठीत विचारलं.

त्याच्या हातातली थापी तशीच राहिली. राजापूरकडचा, म्हणाला. आणि लगेच गयावया करू लागला, की हे कुणाला बोलू नको, माझ्या हातून चूक झाली आहे, मुदीराला कळलं तर खलास. मुदीर म्हणजे मॅनेजर. तिथली सगळी कामगार मंडळी त्याला मुदीरच म्हणत.

चूक काय होती, ते त्याने पुढच्या चार-पाच फेऱ्यांत तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. दगडूचा बाप चुन्याचा गवंडी. देवळं, विहिरी, जुन्या घरांची डागडुजी, सगळं चुन्यात. चुना भिजवावा कसा, किती दिवस मुरवावा, गुळाचं आणि हिरड्याचं पाणी त्यात कधी घालावं, हे दगडूला बोलता यायला लागल्यापासून ठाऊक. पुढे गावोगावी सिमेंट आलं आणि ह्या विद्येला कुणी विचारीना. एक्क्याण्णव साली तो इकडे आला, तो ‘हेल्पर’ म्हणून. लेबर कार्डावर तेच छापलेलं. अल क्वोजमधल्या गोदामांच्या बांधकामावर त्याने पाच वर्षं सिमेंटच्या गोण्या वाहिल्या. मग शहाण्णवमध्ये एके दिवशी कामगारांना रांगेत उभं करून विचारलं गेलं, की चुन्याचं काम कुणाला येतं. दोनशे माणसांत एकच हात वर झाला.

इंजिनिअरांकडे नकाशे होते, पण चुना तडकत होता. मुरवायला वेळ द्यायचा असतो, हे त्यांच्या वेळापत्रकात बसत नव्हतं. दगडूने खड्डे खणून घेतले, चुना भिजत घातला आणि एकवीस दिवस कुणाला हात लावू दिला नाही. फोरमन चिडला. बाविसाव्या दिवशी लोण्यासारखा चुना थापीवर आला, तेव्हा गप्प बसला. समुद्रातून काढलेला पोवळ्याचा दगड आणि हा चुना, ह्यांवर ते गाव उभं आहे. तीस घरांच्या भिंती दगडूच्या ओळंब्याखालून गेल्या. लेबर कार्डावर तो हेल्परच राहिला.

नकाशात त्या मोठ्या घराच्या दाराशेजारी कोरी भिंत होती. दगडू चौकट बसवून उजव्या अंगाला सरकला, ऊन रणरणत होतं, आणि त्याचे हात बापाने शिकवलेल्या वाटेने गेले. दाराच्या उजवीकडे देवळी ठेवायची. त्याने ठेवली. कमान जुळून आली तेव्हा भानावर आला आणि त्याला दरदरून घाम फुटला. फोरमनने विचारलं तेव्हा नकाशात आहे म्हणून ठोकून दिलं. फोरमनला वाटलं इंजिनिअरने काढली असेल, इंजिनिअरला वाटलं कन्सल्टंटने. कुणीच कुणाला विचारलं नाही, आणि देवळी राहून गेली.

“पण एवढी खाली का?” जोसेफिनने विचारलं होतं.

दगडू लाजला. बापाने सांगितलेलं, म्हणाला, की देवळी घरच्या बाईच्या खांद्याला बेतून करावी. संध्याकाळी दिवा लावायला तिला हात वर ताणायला लागला, तर पदर ज्योतीवर येतो. इथे घरची बाई कुठली? मग त्याने मनाशी कावेरीला दारात उभी केली. कावेरी म्हणजे त्याची बायको. ती त्याच्या छातीला लागते, एवढीशी आहे.

त्या दिवशी जोसेफिन परतीच्या प्रवासात एकटीच हसत होती. घरी सिरिलला सांगितलं, तोही पोट धरून हसला. मरिसा तेवढी गंभीरपणे म्हणाली, “सो इट्स फेक, ममा?” जोसेफिन म्हणाली, फेक नाही गं, ती चूक आहे. आणि दुसऱ्या जहाजाच्या दिवशी तिने पान चार जसंच्या तसं म्हटलं. म्हणताना दगडूकडे बघून डोळे मिचकावले. तेव्हा ती गंमत होती. दोघांनाच ठाऊक असलेली.

गंमत संपली ती डॅरिल आला तेव्हा. नव्याण्णवच्या ऑक्टोबरात कंपनीने हा नवा मॅनेजर आणला. वांद्र्याचा, जोसेफिनच्याच धर्माचा, बापजाद्यांपासून मराठी मुलखात राहिलेला. पण मराठी आपल्याला कळतच नाही असा चेहरा त्याने पहिल्या दिवसापासून लावला होता. त्याला सहलीत ‘जिवंतपणा’ हवा होता. फिरता फिरता त्याने गिलावा लावणारा दगडू पाहिला आणि त्याला कल्पना सुचली. जहाजाच्या दिवशी दगडूला पायघोळ पांढरा कंदुरा घालायचा, डोक्याला रुमाल बांधायचा, आणि त्या मोठ्या घराच्या दाराशी चटईवर थापी घेऊन बसवायचं. चोपडीत नवं पान घातलं गेलं. हा इथल्या मूळ गवंड्यांच्या घराण्यातला शेवटचा पुरुष, ह्याला पूर्वजांच्या बोलीशिवाय दुसरी भाषा येत नाही, कृपया ह्याच्याशी बोलू नये.

जोसेफिनने ते वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने गाव बांधलं, त्यालाच त्या गावात सोंग देऊन बसवायचं, आणि वर मुका करायचा! दगडूला स्वतःला वेगळीच लाज वाटत होती. हा इथल्या लोकांचा रोजचा पोशाख, तो म्हणायचा. फाटकावरचा म्हातारा पहारेकरी इथलाच, त्याचे आजे-पणजे खरोखर ह्या जागी राहिलेले. दगडू कंदुरा घालून समोरून गेला की तो मान फिरवून घेई. त्या माणसाला काय वाटत असेल, ह्या विचाराने दगडूचा जीव कसनुसा होई.

मग तो बसत का होता? त्याला एक पत्र हवं होतं.

डिसेंबरात कावेरीने कळवलं होतं, की गावाजवळच्या खाडीकाठच्या किल्ल्याची डागडुजी निघाली आहे, काम चुन्यात करायचं आहे आणि चुन्याचे गवंडी मिळत नाहीत. कंत्राटदार दगडूला घ्यायला तयार होता. पण सरकारी काम. चुन्याच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव असल्याचं पत्र लागणार होतं, छापील कागदावर, सही-शिक्क्यासकट. एवढा एक कागद मिळाला की दगडू कायमचा घरी जाऊ शकत होता. लग्नाला पंधरा वर्षं होत आली होती आणि बायकोला तो दर दोन वर्षांनी दोन महिने भेटत होता. राजापुरात त्याला कुणी हेल्पर म्हणून परत घेणार नव्हतं. हेल्पर तिकडे पैशाला पासरी.

पत्र डॅरिलच्या सहीचं. दगडूच्या वतीने जोसेफिनने अर्ज लिहून दिला. डॅरिल म्हणाला, इन्शाल्ला, बघू. जानेवारीत विचारलं तेव्हा म्हणाला, ह्याच्या कार्डावर हेल्पर आहे, मी गवंडी कसं लिहू? पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, हंगाम होऊ दे. त्या इन्शाल्लाच्या आशेवर दगडू दर जहाजाला चटईवर बसत होता.

फेब्रुवारीतलं तिसरं जहाज इंग्रजांचं होतं. त्या दिवशी डॅरिल स्वतः तांड्याबरोबर होता. मोठ्या घरापाशी आल्यावर जोसेफिनने पान चार म्हटलं. तांड्यात एक लालबुंद चेहऱ्याचा उंच म्हातारा होता, हाताची नखं चपटी, बोटं जाडजूड. तो पुढे झाला. आधी त्याने देवळीपाशी हात नेला, मग मागे वळून दाराच्या चौकटीत उभा राहिला. तो सहा फुटांहून उंच होता आणि त्याच्या डोक्यावर अजून वीतभर जागा उरली होती. माणसं एवढी ठेंगणी होती, तर दार कुणासाठी, त्याने विचारलं.

लोक हसले. जोसेफिनला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तीन हंगाम ती हे वाक्य म्हणत आली होती आणि दार तिला दिसलं नव्हतं. डॅरिल मात्र घाईघाईने पुढे आला आणि म्हणाला, की सरदार घोड्यावरून उतरत नसत, थेट आत जात. त्या दारातून आत गेलं की तीन पावलांवर जिना होता. म्हाताऱ्याने जिन्याकडे पाहिलं, डॅरिलकडे पाहिलं, आणि देवळीत बोट घातलं.

त्याला पन्हळ लागली. त्याने बोट पुन्हा फिरवून खात्री केली आणि वळून पाहिलं, तो सरळ चटईवरच्या दगडूकडे. म्हाताऱ्याच्याही हातांवर चुन्याने खाल्लेल्या जुन्या खुणा होत्या. नंतर जोसेफिनला कळलं की त्याने चाळीस वर्षं गिलाव्याचं काम केलं होतं. त्याने दगडूसमोर उकिडवं बसून हाताने खूण केली: हे तू?

दगडू मुका राहू शकला असता. पत्र मिळेपर्यंत मुकाच राहायचं ठरलं होतं. पण देवळी केल्यापासून कुणा कारागिराने आत बोट घालून पाहिलं नव्हतं. तो उठला, कंदुरा सावरला, आणि होतं नव्हतं तेवढं इंग्रजी गोळा करून म्हणाला, “माय वर्क. माय वाइफ...” आणि हात आडवा करून स्वतःच्या छातीशी धरला. एवढी.

म्हाताऱ्याने त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मागे कुजबुज सुरू झाली. ह्याला तर पूर्वजांच्या बोलीशिवाय काही येत नाही म्हणाला होतात ना? एका बाईने जोसेफिनला विचारलं, म्हणजे हे कधी बांधलं? डॅरिल हसत सुटला, हा इथला नकलाकार आहे, थट्टा करतो, म्हणाला आणि सगळ्यांना खजूर-कॉफीच्या तंबूकडे हाकललं. जोसेफिन गप्प राहिली. तिने ब्रसुद्धा काढला नाही, आणि ते गप्प राहणं तिला पुढे कितीतरी दिवस टोचत होतं.

जहाजावर परत गेलेल्या प्रवाशांनी अभिप्रायाच्या कागदांवर लिहायचं ते लिहिलं. आठवड्यात जहाजकंपनीची विचारणा आली: गाव खरं आहे की नाटकातला पडदा? डॅरिलने दगडूला ऑफिसात बोलावलं, आणि दुभाषी म्हणून जोसेफिनला. टेबलावर दोन कागद होते. एकावर लिहिलं होतं, की दगडू पावसकर ह्याने शहाण्णव ते दोन हजार ह्या काळात चुन्याचा गवंडी म्हणून काम केलं आहे. छापील कागद, शिक्का मारलेला, सहीची जागा कोरी. दुसऱ्यावर लिहिलं होतं, की भिंतीतला तो कोनाडा मी कामावर येण्याच्या आधीपासून होता, मी फक्त झाडलोट करत होतो, आणि पाहुण्यांना मी खोटं सांगितलं. आधी दुसऱ्यावर दगडूची सही, मग पहिल्यावर डॅरिलची.

एका कागदावर गवंडी, दुसऱ्यावर झाडूवाला. एकाच दिवशी, एकाच टेबलावर, एकाच माणसाच्या नावे. निर्लज्जपणाला काही सीमा असावी! जोसेफिनने दुसरा कागद हातात घेतला आणि तिला तो मोठ्याने वाचवेना. डॅरिल इंग्रजीत म्हणाला, त्याला समजावून सांग, साधी गोष्ट आहे. तेव्हा ती त्याच्याकडे बघून मराठीत म्हणाली, “आपल्या माणसाला असं लिहायला लावताना लाज नाही वाटत?”

ज्याला मराठी कळत नव्हतं, त्याचे कान लाल झाले. पण त्याने नजर वर केली नाही.

“बाय, वाच ना,” दगडू म्हणाला.

तिने वाचलं. एकेक शब्द मराठीत करून वाचला, काहीही मऊ न करता. झाडलोट, खोटं, सगळं. वाचून झाल्यावर म्हणाली, दगडूदादा, सही करू नका, आपण लेबर ऑफिसात जाऊ, मी येते बरोबर, मी सांगते सगळं. दगडूने ऐकून घेतलं. तिच्या रागाने तो जरा संकोचलाच, जणू तिला एवढा त्रास आपल्यामुळे झाला.

“देवळी म्हणजे काय, बाय, भिंतीतली पोकळीच ती,” तो म्हणाला. “कावेरी तिकडे आख्खी उभी आहे.”

आणि त्याने सही केली. देवनागरीत, पुऱ्या नावाची, सावकाश. डॅरिलने पहिल्या कागदावर सही केली, दगडूने तो घडी न घालता पिशवीत ठेवला, आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तो विमानात बसला. जाताना त्याने जोसेफिनला आपला ओळंबा दाखवला, हा बापाचा, म्हणाला. तेवढी एक वस्तू त्याने सामानात न टाकता हातात ठेवली होती.

जोसेफिनचा राग मात्र गेला नाही. उन्हाळ्यात ती गिरीजला गेली, तेव्हा आईला देवळीपाशी उभी केली आणि बघितलं. देवळी बरोबर खांद्याला होती. आईने विचारलं काय बघतेस, तर तिला सांगता येईना. सप्टेंबरात दगडूच्या अल क्वोजमधल्या जुन्या खोलीतल्या माणसाने निरोप दिला, की दगडूला काम लागलं, किल्ल्याच्या चोरदरवाजाची कमान त्याच्याकडे आहे, रोज जेवायला घरी जातो. जोसेफिनला बरं वाटलं. आणि त्याच दिवशी डॅरिलने नवी चोपडी वाटली. चटईवरच्या गवंड्याचं पान काढून टाकलं होतं. पान चार तसंच होतं. त्याखाली एक ओळ वाढवली होती, की कोनाड्याची सत्यता कागदपत्रांनी सिद्ध आहे. शिवाय एक सूचना: चोपडीबाहेरचं एक अक्षर बोलणाऱ्याला कामावरून कमी करण्यात येईल.

ते कागदपत्र कुठलं, हे जोसेफिनइतकं कुणाला ठाऊक असणार? तिनेच ते वाचून दाखवलं होतं. तिने सिरिलला सांगितलं. सिरिल म्हणाला, मरिसाच्या शाळेचं बघून घेऊ, तू तुला काय वाटतं ते कर.

नोव्हेंबरात पहिलं जहाज आलं. बुर्ज अल-गाफला ऊन मऊ होतं, नव्याने पांढऱ्या केलेल्या भिंती डोळ्यांवर येत होत्या. बाविसाव्या दिवसाच्या चुन्यावर कुणीतरी रंगाचा हात मारला होता. डॅरिल तंबूपाशी उभा होता, तिथून तिचा आवाज स्पष्ट ऐकू जात होता. मोठ्या घरापाशी तांडा थांबला. जोसेफिनने चोपडी मिटली आणि पर्समध्ये टाकली.

सही दगडूने केली होती. तिने केली नव्हती.

ती भिंतीला पाठ लावून देवळीशेजारी उभी राहिली. देवळी तिच्या खांद्याला लागली. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात ती म्हणाली, की ही दिवा ठेवायची जागा आहे, आणि ती एवढी खाली आहे, कारण जिच्यासाठी ती केली ती बाई माझ्याएवढीच उंच आहे. तिचं नाव कावेरी. करणारा तिचा नवरा, दगडू पावसकर, चुन्याचा गवंडी. हे सगळं गाव त्याच्या हातचं आहे.

तंबूपाशी डॅरिलने कॉफीचा पेला खाली ठेवला आणि तो वाळूतून चालू लागला.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी वहीत लिहून घेत होती. तिने नावाचं स्पेलिंग विचारलं; जोसेफिनने एकेक अक्षर सांगितलं. मग तिने विचारलं, हे कोणत्या शतकातलं?

“चार वर्षांपूर्वीचं,” जोसेफिन म्हणाली. “आत बोट घालून बघा. तेलासाठी पन्हळ आहे.”

म्हातारीने वही काखेत धरली आणि हात पुढे केला. तिच्यामागे बाकीचे आपणहून रांगेत उभे राहिले.